उंच गवत लावून चितळ बसवायचे आहेत? आधी पडदा आणि आसरा वेगळे करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. उमरेडकडच्या एका भाऊंचं चार एकर वावर आहे, एका अंगाला जंगल, दुसऱ्या अंगाला डांबरी रस्ता, मधात दोन खोल्या बांधल्या आहेत आणि पुढं होमस्टे करायचा विचार आहे. त्यांनी यूट्यूबवर अमेरिकेतले व्हिडिओ पाहिले. तिकडं लोक स्विचग्रास नावाचं उंच, वर्षानुवर्षं टिकणारं गवत लावतात, हरणं त्यात येऊन बसतात, आणि तेच गवत रस्त्याच्या बाजूनं पडद्यासारखं उभं राहतं. तर भाऊ विचारून राहिले की हे बियाणं कुठं भेटते, एकरी किती लागते, आणि लावल्यावर किती दिवसांत हरणं येऊन बसायला लागतील.

मी एकोणीस वर्षं गवताचंच काम करतो. नागपुरात राहतो पण अर्धं आयुष्य उमरेड, भिवापूर, पवनी, समुद्रपूर या पट्ट्यातल्या वावरात गेलं, कुठं बांधावर वाळा लावून दे, कुठं उजाड पडीत हिरवं करून दे, आणि गेल्या काही वर्षांत फार्महाऊसवाल्यांचं काम. त्यामुळं हा प्रश्न मला दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी विचारतेच, आणि बहुतेकांच्या डोक्यात एकच चित्र असते: खिडकीत चहाचा कप, समोर उंच गवत, गवतात चितळ.

बियाण्याचं आधी सांगतो, ते मागवू नका. बाहेरच्या देशातून बियाणं आणायला २००३ च्या प्लांट क्वारंटाइन ऑर्डरनुसार परवाना आणि तपासणी लागते, ते चोरून पार्सलात मागवायचं काम नाही. गाजर गवत कसं आलं आठवा, पन्नासच्या दशकात परदेशी गव्हासोबत आलं आणि आज आपण धुऱ्याधुऱ्यानं, म्हणजे बांधाबांधानं, ते उपटत बसलो. आणि कायदा बाजूला ठेवला तरी ते गवत इथं तसं वाढणार नाही. स्विचग्रासची तिकडची नावाजलेली जात आहे केव्ह-इन-रॉक, इलिनॉय राज्यातल्या त्याच नावाच्या गावाकडची. पाच-सहा फूट सरळ उभी राहते, पण ती ३७ अक्षांशावरची, तिथले उन्हाळ्याचे दिवस लांब. असल्या उत्तरेकडच्या जाती दक्षिणेला आणल्या की दिवस लहान लागतो, मग लवकर फुलोऱ्यावर येतात आणि बुटक्या राहतात. आपण २१ अक्षांशावर बसलो. शिवाय ताज्या बियाण्याला ओल्या थंडीचा मार लागतो तेव्हा कुठं ते नीट उगवते, म्हणून तिकडं ते हिवाळा संपता संपता गोठलेल्या जमिनीवर फेकतात. आपल्याकडं डिसेंबरात दोन रात्री गारठा पडला की लोक मंकी टोपी काढतात, तेवढ्यानं काय होणार.

पण खरा मुद्दा बियाण्याचा नाहीच. तिकडचं हरीण वेगळं, त्याची अडचण वेगळी. त्यांचं व्हाइटटेल हरीण बर्फात, वाऱ्यात, बंदुकीच्या सीझनमध्ये लपायला जागा शोधते, म्हणून बर्फाचा भार पडूनही न लोळणारं गवत त्यांना पाहिजे. आणि खरं सांगायचं तर ते सगळं शेवटी शिकारीसाठी चालते, हरीण आपल्या जमिनीवर बसलं पाहिजे म्हणजे सीझनमध्ये मारता येते. आपल्याकडं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तो विषयच बंद आहे. आपल्या चितळाची अडचण म्हणजे मे महिन्यातलं ४६ डिग्री ऊन, आटलेला नाला, आणि गावातली मोकाट कुत्री. त्याला गवताची भिंत नको, सावली पाहिजे आणि चारही बाजूंनी दिसलं पाहिजे. गंमत म्हणजे हेच आपलं चितळ १९३२ मध्ये टेक्सासला नेऊन सोडलं, तिथं ते मस्त मोकळ्या रानात वाढलं, त्याला कोणी स्विचग्रास लावून दिलं नव्हतं.

जंगलकाठच्या चौकीवर, रेस्ट हाऊसवर रात्री कधी थांबले असाल तर पाहिलं असेल, चितळाचा कळप रात्री येऊन बसते कुठं, तर अंगणासमोरच्या उघड्या मैदानात. माणसाचा वास चालते त्याले, पण डोक्यापेक्षा उंच गवत चालत नाही, कारण त्या गवतात वाघ बसते हे त्याले तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. उंच गवताच्या आत चितळ आपलं पाडस लपवते, पहिले काही दिवस, स्वतः मात्र काठाला चरते. सांबर आणि भेकर दाट झाडोरा पसंत करतात, चौसिंगा उंच गवतात राहते पण तो तुमच्या दोन खोल्यांसमोर येऊन बसायचा नाही. रोही, म्हणजे नीलगाय, कुठंही उभा राहते, त्याचं सोडा. म्हणजे 'हरणासाठी गवत' असं एक गवत नसतेच, आधी हरीण कोणतं ते ठरवा. तुमच्या जागेचं वर्णन पाहता चितळ आणि रोही, एवढंच धरून चला.

आता नाजूक गोष्ट. दाट उंच गवत लावलं तर त्यात चितळ बसेल का नाही हे जागेवर आहे, पण रानडुक्कर बसेल हे पक्कं. आणि उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याच्या काठाला असाल तर वाघही. जुन्नरकडं उसात बिबटे पिल्लं घालतात हे पेपरात वाचलंच असेल, उंच, दाट, ओलं, माणसाची वर्दळ नाही, झालं घर. हत्ती गवताचा फड आणि उसाचा फड यात जनावराच्या नजरेनं काही फरक नाही.

मी स्वतः हे करून बसलो आहे म्हणून सांगतो. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका पार्टीला रस्त्याच्या बाजूनं लवकर पडदा पाहिजे होता, मीच हायब्रीड नेपियर, म्हणजे हत्ती गवतच, लावून दिलं, सलग अर्धा एकर, ठिबकवर. पोळ्यापर्यंत छातीला आलं, दिवाळीत डोक्याच्या वर गेलं, मालक खूश, मी खूश. मग शेजारच्या काकांच्या तुरीत डुक्कर पडायला लागले. ते पाहायला गेलो तर नेपियरच्या मधात गवत तोडून, वाकवून गादीसारखं केलेलं, खाली माती उकरलेली, दोन ठिकाणी. डुकराचं घर मी लावून दिलं होतं. काका सरळ माणूस, शिव्या नाही दिल्या, फक्त म्हणाले, "भाऊ, तुमचं पाहुण्यांसाठी आहे, आमचं पोटासाठी आहे." त्याच्या पंधरा दिवसांनी पहाटे ठिबकच्या ओल्या चिखलात पगमार्क दिसले, माझा पंजा पसरून ठेवला तर बोटं तेवढी बाहेर राहत होती. आणि त्या फडाला लागूनच बायांची निंदणाला जायची पाऊलवाट. त्याच दिवशी सगळं गवत कापायला लावलं, मजुरी माझ्या खिशातून गेली. तेव्हापासून सलग फड लावत नाही, कोणी कितीही पैसे देऊ देत.

निंदण करणारी बाई, मोह वेचणारी बाई, तेंदूपत्ता तोडणारा माणूस, हे सगळे वाकून किंवा बसून काम करतात. बसलेला माणूस वाघाला माणूस वाटतच नाही, जनावर वाटते. तुमच्या गवताची जागा ठरवताना पहिली गोष्ट ही पाहा की आजूबाजूला कोण, कुठं, किती वाजता वाकून काम करते. पांदण रस्ता, शाळेची वाट, शेजाऱ्याचा धुरा, नाल्याकाठची बसायची जागा, यांच्यापासून उंच गवत लांब ठेवायचं. मी निदान दहा मीटर पट्टा कापलेला ठेवतो, खोल्यांभोवती तर पंधरा.

म्हणून माझं म्हणणं असं की पडदा आणि आसरा ही दोन कामं आहेत, दोन वेगळ्या जागी, दोन वेगळ्या गवतांनी करा. पडदा रस्त्याकडं, पातळ, एका रेषेत, जनावर खाणार नाही असा. आसरा जंगलाकडं, कमी उंचीचा, तुटक तुटक, खाण्यासारखा.

पडद्याला वाळा. खस म्हणतात तो, ज्याच्या मुळ्यांच्या ताट्या पूर्वी नागपुरात दारा-खिडक्यांना लावून पाणी मारत. हे गवत ठोंबानं लागते, लागवडीच्या जातीचं बी पडून पसरत नाही, जिथं लावलं तिथंच गड्डा धरते, मुळ्या तीन मीटरपर्यंत खाली जातात, आणि जून झालं की पान एवढं चरबट होते की गुरं तोंड लावत नाहीत. काळ्या जमिनीत पाणी साचलं तरी मरत नाही, ही मोठी गोष्ट आहे, कारण रस्त्याच्या नालीचं पाणी तुमच्याकडंच येणार. ठोंब दोन-तीन फुटव्यांचा घ्यायचा, वरचं पान वीतभर ठेवून छाटायचं, मुळी चार बोटं ठेवायची, शेणकाल्यात बुडवून लावायचा. दोन ठोंबांत १५ सेंटिमीटर अंतर, जास्त ठेवलं तर भिंत होत नाही, दात पडल्यासारखं दिसते. तुमची रस्त्याची बाजू ९० मीटर म्हणता, तर एका ओळीला ६०० ठोंब, नागमोडी दोन ओळी केल्या तर १२००, त्यावर शंभर-दीडशे मरतुकीचे जास्त घ्या. मोठ्या झाडाच्या सावलीत मात्र वाळा रडते, तिथं ओळ तोडून मेंदी किंवा सागरगोटा लावा, सागरगोट्याचे काटे पाहिले की गाईच काय माणूसही आत येत नाही.

वाळ्याला पुरुषभर व्हायला दुसरा पावसाळा उजाडते. पहिल्या वर्षी काय? तिकडं अमेरिकेत यासाठी एक वर्षाचं 'इजिप्शियन व्हीट' पेरतात, नाव गव्हाचं पण ते ज्वारीच्या कुळातलं. आपण ज्वारी पेरली तर डुकरांना आवतण आहे. त्यापेक्षा वाळ्याच्या रस्त्याकडच्या अंगाला अंबाडीच्या दोन ओळी टाका. आपल्या आज्या-पणज्या वावराच्या कडेनं अंबाडी पेरतच होत्या, आठ फूट सहज जाते, हिवाळ्यापर्यंत उभी राहते, आणि मधात कण्या-भाजी होते ते वेगळंच. एवढंच की वाळ्याच्या डोक्यावर अंबाडीची सावली पडू देऊ नका, हात-दीड हात अंतर ठेवा.

मुरमाड, पाणी न थांबणारी जमीन असेल तर वाळ्याऐवजी तिखाडी, म्हणजे रोशा गवत. वास एवढा उग्र की जनावर सहसा खात नाही, दोन मीटरला जाते, बियांनी येते आणि विदर्भातलंच आहे. पण त्यात तेल आहे, फेब्रुवारीनंतर वाळलं की काडी लागायचा उशीर. त्यामुळं खोल्यांच्या जवळ तिखाडी लावणार असाल तर माझा नकार समजा.

कास लावू का असंही बरेच जण विचारतात, कारण पावसाळा सरता सरता पांढरे तुरे फोटोत छान दिसतात. लावू नका. त्याच्या जमिनीखालच्या कांड्या शेजाऱ्याच्या वावरात गेल्या की तुमच्या नातवाशी त्याचा नातू भांडेल.

आता जंगलाकडची बाजू. तिथं मारवेल आणि पवना, कमरेपर्यंतचं गवत, पाण्याच्या उतारावर थोडं मुशाण. हे चितळ आवडीनं खाते, आणि खाल्लं की पुन्हा फुटते. सगळ्या जागेवर नाही लावायचं, बेटं करायची, एकेक बेट आठ-दहा मीटर रुंद, मधात तेवढीच मोकळी, कापलेली जागा. चितळ काठावरचा प्राणी आहे, बेटं जितकी जास्त तितका काठ जास्त. प्रत्येक दोन-तीन बेटांमागं एक झाड ठेवा. पळस, बोर, मोह, जांभूळ, जे उभं असेल ते, नवीन लावायचं तर करंज लवकर सावली देते. दुपारी बारा वाजता कळप कुठं बसेल हे गवत नाही, ते झाड ठरवणार आहे.

लागवड ठोंबानं केली तर ५० बाय ५० सेंटिमीटरला एकरी १६ हजार ठोंब लागतात, म्हणून मोठ्या जागेला बीच बरं. या गवतांचं बी केसाळ आणि हलकं, हातातून फेकलं तर वाऱ्यानं शेजारी जाते, पेरणी यंत्राच्या नळीत तर अडकूनच बसते. ओल्या मातीत आणि शेणखतात कालवून फेकायचं, वरून बोरीचा फाटा ओढायचा, बस. मातीत खोल गाडू नका. बी ऑक्टोबर-नोव्हेंबरात ओळखीच्या पडीतातून सुडून आणायचं आणि पोत्यात कोरडं ठेवून पुढच्या मृगालाच वापरायचं, ताजं बी उगवत नाही, झोपेत असते. विकत घ्यायचं तर झाशीची गवत-चारा संशोधन संस्था किंवा कृषी विद्यापीठांच्या चारा विभागात चौकशी करा. बी सुडताना कुसळी सोबत येऊ देऊ नका, म्हणीतलं डोळ्यातलं कुसळ ते हेच, पाहुण्यांच्या मोज्यात घुसलं की रात्रभर शिव्या खाल.

पहिल्या पावसाळ्यात तुम्हाला वाटेल की सगळं वाया गेलं. कारण वर दिसेल तो फक्त तरोटा, म्हणजे टाकळा. गवत त्याच्याखाली बोटभर असते, मुळं करून राहिलेलं असते. तरोटा कोवळा असताना भाजीला न्या, गावात वाटा, पण फुलायच्या आत उपटा, नाहीतर पुढचं वर्ष त्याचंच. रानतुळस आणि रायमुनियाचंही (घाणेरीचंही) तेच. तणनाशक मारायचा मोह होईल, चरायच्या जागी मी मारत नाही. पहिल्या वर्षी गुरं अजिबात सोडायची नाहीत. गवत खऱ्या अर्थानं दिसते ते दुसऱ्या पोळ्याला.

आग सगळ्यात महत्त्वाची आणि यूट्यूबवर हीच कोणी सांगत नाही. उलट तिकडं दर दोन-तीन वर्षांनी मुद्दाम जाळतात, ते पाहून कोणी इथं काडी लावू नये. वनखात्याचा आगीचा हंगाम १५ फेब्रुवारीला सुरू होते, मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाचोळा पेटवतात, वारा फिरला की गेलं. तुमचं उभं वाळलं गवत म्हणजे जंगल आणि खोल्या यांच्यातली वात. म्हणून संक्रांतीनंतर निम्मी बेटं कापायची, निम्मी ठेवायची, दुसऱ्या वर्षी अदलाबदल. कापायच्या आधी दोन माणसांनी बेटातून सावकाश चालत जायचं, पाडस दडलेलं असते, ते पळत नाही, गप्प बसते, आणि ब्रश कटरला ते समजत नाही. सापडलं तर हात लावू नका, ते बेट तसंच सोडा. जंगलाकडच्या धुऱ्याला पाच-सहा मीटर जाळरेषा, म्हणजे आग अडवायचा मोकळा पट्टा, साफ ठेवा, तिथं काडीसुद्धा राहू देऊ नका.

आणि गवताच्या आधी करायचं काम: तुमच्या वावरात विहीर असेल तर तिला कठडा आहे का? या पट्ट्यात बिनकठड्याच्या विहिरीत पडून जनावरं मरतात, कुत्री मागं लागली की चितळ समोर काय आहे ते पाहत नाही. कठडा बांधा, मग जंगलाकडच्या कोपऱ्यात एक उथळ हौद करा, उतार असलेला, म्हणजे पाडस पडलं तरी बाहेर येईल. मे अखेरच्या नवतप्यात त्या हौदाला जेवढी जनावरं येतील तेवढी कोणत्याच गवताला येणार नाहीत. तारेत करंट सोडायचा सल्ला कोणी देईल, तो गुन्हा आहे आणि त्यानं माणसंही मेली आहेत. आणि शेजाऱ्याला आधी सांगा, गवत लावल्यावर नाही, लावायच्या आधी. चितळ तुमच्याकडं बसेल आणि खायला त्याच्या हरभऱ्यात जाईल, पंचनामा आणि भरपाईच्या चकरा त्यालाच माराव्या लागतील. त्याच्या धुऱ्याला तुमच्या खर्चानं काट्याचं कुंपण करून दिलं तर गोष्ट पुष्कळ सोपी जाते.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, किती दिवसांत येऊन बसतील. नेपियरच्या भानगडीनंतर मी भिवापूरकडं पहिल्यांदा बेटांची पद्धत केली, दोन एकर, मारवेल-पवना, सगळं मापात. मालक आणि मी दुसऱ्या वर्षीच्या जानेवारीत पहाटे पाचला गच्चीवर घोंगडी घेऊन बसलो, धुकं होतं, बेटांवर नजर. काही नाही. उजाडलं तेव्हा दिसलं, अकरा चितळ होते, एक शिंगाळा, बाकी माद्या आणि दोन पाडसं. एकही गवतात नव्हता. सगळे मी आठवड्यापूर्वी मजूर लावून साफ केलेल्या जाळरेषेवर ओळीनं बसले होते, रवंथ करत.